वीरगळाचे मालक

नगरच्या आमच्या वस्तुसंग्रहाचा एक किस्सा सांगितला की दुसरा आपोआप जिभेवर येतो, चहा गार होतो आणि बायको आतून भांडी आपटते. चाळीसच्या दशकातली गोष्ट. संग्रह म्हणजे एक खोली, आणि तिघं जण. जुन्या वस्तू गोळा करणारे कुलथे मास्तर, फारसी कागद वाचणारे रहीमचाचा आणि वस्तूंवरच्या माहितीच्या चिठ्ठ्या लिहिणारा मी. खोली सरकारी. मामलेदार साहेबांनी बजावलं होतं, "दिवाळीपर्यंत माणसं आली नाहीत, तर इथं रेशनची पोती ठेवीन." मास्तरांची झोपच उडाली.

*

सुरुवातीला एकच गृहस्थ नेमानं येत. रोज दुपारी तासभर. मास्तर हरखले, नाणी, ताम्रपट, सगळं त्यांना पुन्हा पुन्हा समजावून सांगायचे. शेवटी रहीमचाचांनी विचारलं, सगळ्यात काय आवडलं?

गृहस्थ म्हणाले, "गारवा."

*

मग माणसं येत नाहीत तर आपण जाऊ, असं ठरलं. बैलगाडीत सामान घालून गेलो आणि कर्जतच्या बाजारात चादर पसरली. ही झुंबड! पण जो तो भाव विचारायचा. अडकित्ता विकायचा नाही म्हटल्यावर एक बाई उखडली, "इकायचं न्हाई तर बाजारात बसलाय कशाला?"

मास्तर तिला अडकित्त्याचं वय सांगू लागले. शेवटी शेजारच्या कांदेवाल्यानं आम्हाला उठवलं.

*

खोलीतल्या जात्यावर मी झोकात लिहिलं होतं, 'प्राचीन जाते. हात लावू नये.' एका म्हातारीला वाचता येत नव्हतं, हे आमचं नशीब. खुंटा सैल हाय म्हणाली, ठोकून बसवला आणि दळायलाच बसली. रहीमचाचांनी घरून ज्वारी आणली. तिच्या ओव्या ऐकून गल्लीतल्या बायका दारात गोळा झाल्या.

त्या दिवशी मास्तरांनी माझ्या सगळ्या चिठ्ठ्या फाडल्या. मला राग आला, खोटं कशाला बोलू? अक्षर फार चांगलं होतं हो माझं! पण बायका येत राहिल्या, पोरंही आणू लागल्या.

*

दिवाळीच्या तोंडावर साहेब तपासणीला आले. नेमकी त्याच वेळी एक बैलगाडी दारात थांबली, मागं अख्खं गाव. आमच्याकडे त्यांच्या ओढ्यावरचा वीरगळ होता, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड. त्यांच्यातलं कुणी तरी मास्तरांकडून त्याची हकिगत ऐकून गेलं होतं. पाटील म्हणाले, "आमचा देव न्यायला आलोय."

मास्तर चिडले. "अहो, तुम्ही त्यावर धुणं धूत होता!"

"तवा तो पालथा हुता," पाटील शांतपणे म्हणाले.

साहेब म्हणाले, न्या की, खोली रिकामीच करायची आहे, पोती यायचीत. मास्तर वीरगळावरची धूळ उपरण्यानं पुसू लागले. मला त्यांच्याकडे बघवेना.

पाटलांनी एकदा मास्तरांकडं पाहिलं आणि साहेबांना दगडापाशी नेऊन एकेका कोरीव चित्रावर बोट ठेवलं. "हितं चोरांनी गाया वळवल्यात. हितं ह्यो एकटाच आडवा गेला. हितं पडला. आमच्या गाया हुत्या, सायेब."

मग त्यांनी बाहेर हाक मारून बैल सोडायला सांगितलं. "देव हितंच ऱ्हाईल. पोती कशी येत्यात ते बघू."

उंबऱ्यावर नारळ फोडून त्यांनी खोबऱ्याचा तुकडा साहेबांपुढं धरला.

साहेबांनी बूट काढले.