रिकाम्या पाइपचं गणित

प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचे पाइप डिझाइन करणं हे माझं पोटापाण्याचं काम. आईला ते पहिल्यांदा समजावलं तेव्हा ती हसली होती. "म्हंजे पाइपले सूतच गुंडाळून राहिली न वं तू." तिचा जन्म हातमागावर गेलेला, त्यामुळे तिला लगेच कळलं. काँक्रीटच्या नळकांड्यावर पोलादी तार ताणून गुंडाळायची. तार त्याला आवळते, आतलं पाणी बाहेर रेटतं, आणि दोघांच्या ओढाताणीत पाइप सुखरूप राहतो.

"अन् पाणी नसलं म्हंजे?" तिने विचारलं.

खरी मेख तिथेच आहे. पाइप रिकामा असला की तारेचा सगळा दाब एकट्या काँक्रीटवर येतो. तो त्याला सोसेल का, हे आम्ही वेगळं तपासतो. म्हणून काँक्रीट कच्चं असताना तार गुंडाळू देत नाही.

"आम्हीबी खळ वाळल्याबिगर सूत मागावर घेत नाही," आई म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली.

आई यंदा गेली. सक्करदऱ्याच्या घरात आता मी एकटीच. संध्याकाळी कुलूप उघडलं की सवयीने "आले गं" म्हणते आणि मग स्वतःचाच राग येतो. रिकामं घर खायला उठतं म्हणतात. मला तर ते चारी बाजूंनी आवळतं.

परवा कुहीकडच्या पाइप कारखान्यात गेले होते. चाचणीत काँक्रीटची ताकद कमी भरली होती, पण ठेकेदाराला घाई. "मॅडम, गुंडाळू द्या न तार. काय फरक पडून राहिला?"

"कच्चं आहे. थांबा," मी म्हटलं. तो तोंड वाकडं करून निघून गेला.

तेवढ्यात पुण्याहून धाकट्या भावाचा फोन आला. आमच्या घराला गिऱ्हाईक मिळालं होतं. "ताई, एकटी काहून राहून राहिली तिथं? विकून टाकू. तू माझ्याकडे ये."

त्याचं काही चुकत नव्हतं, मायेनेच बोलत होता. पण आईचं लुगडं अजून दोरीवर होतं. त्याची घडी घालायचा मला धीर होत नव्हता. समोर तार न गुंडाळलेला पाइप उभा होता. त्याला हात लावला, तर गार आणि ओलसर लागला.

"विकू," मी म्हटलं. "पण आत्ता नको. मी अजून कच्ची आहे."

तो हळूच म्हणाला, "किती दिवस लागतीन, ताई?"

काँक्रीटचं असतं तर सांगितलं असतं.