देवीने दिलेली नळी

कर्जतच्या पंचक्रोशीत नागिणीच्या फोडांवर गेरू काढणारा भगत म्हणून मला ओळखतात. तीच नागीण मला बैठकीच्या जागी उठली, तेव्हा देवीवरची माझी श्रद्धा पहिल्यांदा डळमळली. फोड आगीसारखे जळत होतेच, पण लघवीही तुंबली. ओटीपोट दगडासारखं झालं. लाजेने मी कोणाला सांगितलं नाही. पाणी पिणं तेवढं सोडलं.

शेवटी मुलांनी मला डोलीत घालून देवीच्या ठाण्याकडे नेलं. वाटेत रेल्वेचं फाटक बंद. मालगाडी हलेना. डोलीला खांदा दिलेला ठाकर गडी हसून म्हणाला, "भगत, घाल की मंतर! हालव गाडी." मी नुसता कण्हलो. ते ऐकून तिथे उभे असलेले रेल्वेचे डॉक्टर जवळ आले. फोड पाहून त्यांनी विचारलं, "लघवी कधी झाली?" हे मला कोणीच विचारलं नव्हतं. मी रडलो.

दवाखान्यात त्यांनी रबराची नळी उकळून, तेल लावून आत सारली. तांब्यामागून तांब्या भरला. "नागिणीने मूत्राशयाची नस झोपवली आहे," ते म्हणाले. "ती जागी होईपर्यंत हात धुऊन, नळी उकळून सकाळ-संध्याकाळ घालायची. पाणी सोडायचं नाही." काही आठवड्यांनी लघवी आपोआप होऊ लागली. गावात मात्र मी सांगितलं, अंगाऱ्याने बरा झालो.

पुढे खालापूरकडचा एक शेतकरी तशीच नागीण घेऊन माझ्याकडे आला. त्याची बायको म्हणाली, "भगतबाबा, कालपास्नं यांना मुतायला झालं नाय." डॉक्टरांनी दिलेली नळी माझ्या माळ्यावर होती. अंगणात माणसं बसली होती. मी गेरू काढला आणि म्हणालो, "देवी मोकळं करील." तो घरी जाऊन तडफडून मेला. दहावं-बारावं झाल्यावर ती बाई माझ्याकडे नारळ घेऊन आली. "तुमी लई केलंत," म्हणाली. मी तो नारळ घेतला.

इतकी वर्षं गेल्यावर परवा तिच्या दारात जाऊन मी सगळं सांगितलं. वाल सोलता सोलता तिचे हात थांबले.

"म्हंजी ते वाचलं असतं?"

"हो."

"मंग आता मला कशापायी सांगतोस रं?"



देवीने मला जगवलं, तिचे उपकार मी रोज मानतो. शरण जा, असं मी लोकांना जन्मभर सांगितलं. स्वतः मात्र मान कधी वाकवली नाही. क्षमा त्या बाईच्या हातात आहे. ती करील न करील, ते मी आता देवीवर सोडलं आहे.