मावशीला चालवता येईल असं मशीन

घाटंजीच्या बाजाररस्त्यावर माझ्या वहिनीचं कटलरीचं दुकान आहे. बटणं, लेस, रिळं, बांगड्या, शिवाय बंजारा तांड्यावरच्या बायका भरतकामासाठी नेतात त्या काचा, कवड्या आणि रंगीत सूत. मोठा भाऊ शेती पाहतो. दुकान पहिल्या दिवसापासून वहिनीचं. कोणता माल संपत आला हे गर्दीत कळेनासं झालं, तेव्हा तिनं बिलिंग मशीन घ्यायचं ठरवलं. मी यवतमाळच्या एका कॉलेजात ऑफिसात काम करतो, दिवसभर कॉम्प्युटरसमोर असतो. त्यामुळे निवड आपणच करणार, असं मी गृहीत धरलं.

पहिला विक्रेता मीच नेला. मशीन देखणं होतं. त्यानं पावडरचा डबा बारकोडच्या लाल दिव्यासमोर धरला आणि टर्रकन बिल निघालं. वहिनीनं त्याला चहा दिला आणि लेसचं बंडल पुढं ठेवून साडेतीन मीटरचं बिल करायला सांगितलं. मग शंभर ग्रॅम काचांचं. मग एका कवडीचं. तो म्हणाला, प्रत्येक वस्तूवर स्टिकर लावावं लागेल. वहिनीनं कवडी त्याच्या तळहातावर ठेवली आणि कुठं लावू, एवढंच विचारलं.

दुसऱ्याला तिनं मुद्दाम बाजाराच्या दिवशी बोलावलं. त्याचं सगळं इंटरनेटवर चालायचं. दुपारी गर्दी वाढली, नेट गेलं आणि त्याच्या पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं. तिनं त्याला जेवू घालून परत पाठवलं.

मी वैतागलो. पुसदची मोठमोठी दुकानं असल्याच मशीनवर चालतात, तुम्हीच एवढ्या खोड्या काढता, असं म्हणालो. वहिनी लेस गुंडाळत होती. तिनं मान न वळवता मावशीकडे हात केला.

मावशी म्हणजे दुकानात वीसेक वर्षं काम करणारी तांड्यावरची बाई. भिंतीवरचे सगळे खण तिला तोंडपाठ. तांड्यावरच्या गिऱ्हाइकांशी ती बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलते, आमच्याशी वऱ्हाडीत. शाळेत कधी गेली नाही. आकडे ओळखते, अक्षरं नाही.

"भाऊजी, मी मशीन माह्यासाठी नाही घेऊन राह्यली," वहिनी म्हणाली. "मी माल आणाले गेली त दुकान कोन पाह्यते? मावशी. तिले चालवता नाही आलं, तर काउंटरवर दुसरं कोनी बसवा लागन. मग मावशी काय झाडू मारन?"

दोन महिने मी किमती आणि वेग पाहत होतो. मावशी त्यात कुठंच नव्हती.

तिसरं मशीन वहिनीनं स्वतः शोधलं. पडद्यावर वस्तूचा फोटो दाबायचा, मग आकडा. मीटर, वजन, डझन, नग, सगळं चालायचं, आणि नेटशिवाय. ते विकणाऱ्या मुलीला तिनं आठ दिवस वापरून पाहू देण्याची अट घातली, आणि मुलीनं ती मान्य केली.

त्या आठ दिवसांत रोज दुपारी दुकान रिकामं झालं की दोघी दाराशी पांढरं कापड अंथरून एकेका वस्तूचा फोटो काढायच्या. विकणाऱ्या मुलीनं ते नावांच्या अक्षरक्रमानं लावले होते. मावशीला काही सापडेना. तिनंच सुचवलं, "भिंतीवर जसं आहे तसंच यात लावा नं." वहिनीनं मुलीला पुन्हा बोलावून सगळे फोटो खणांच्या ओळीनं लावून घेतले. माझ्यासारख्या ऑफिसातल्या माणसाला हे सुचलं नसतं.

मशीन ठेवून घेतल्यावरच्या पहिल्या बाजाराला मी रजा काढून गेलो. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मावशी दर वेळी बोट पदराला पुसून फोटो दाबत होती. तिच्याच तांड्यातल्या एका म्हातारीनं गोरबोलीत काहीतरी विचारलं. मावशी हसली, बिल फाडून तिच्या हातात दिलं आणि काचांची पुडी बांधायला वळली.

वहिनी दिवसभर दुसऱ्या टोकाला लेस कापत होती. एकदाही तिनं पडद्याकडे पाहिलं नाही. जाताना मी म्हणालो, मावशीचं चुकत तर नाही ना, हे एकदा तरी पाहायचं.

"कायले?" वहिनी म्हणाली, आणि पुढच्या बाईला किती मीटर पाहिजे ते विचारू लागली.