तात्यांना झोप लागली

आमच्या गल्लीत पाणी यायच्या आधी तात्या यायचे. पांढरा पायजमा, अंगात बंडी, कानावरून गुंडाळलेला पंचा आणि हातात घराची किल्ली. त्या किल्लीनं ते आमच्या लोखंडी गेटवर टकटक करायचे आणि शेजारचं तान्हं मूल उठू नये इतक्या बेतानं म्हणायचे, "बाई, नळ आलेत. उठा." मी शाळेत शिकवते, म्हणून सगळी गल्ली मला बाई म्हणते. माझी झोप कुंभकर्णाची. घड्याळाचा गजर मी झोपेतच बंद करते आणि तो झालाच नाही म्हणून नंतर घरच्यांशी भांडते. पण तात्यांच्या किल्लीला मी उठायचे, कारण आतून ओ आल्याशिवाय तात्या गेट सोडत नसत.

आमच्या पुंडलिकनगरात राहिलेल्याला हे समजावून सांगायला नको. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. मध्ये कितीतरी दिवस जातात, आणि ज्या दिवशी यायचं त्या दिवशी ते कधी येईल ते सोडणाऱ्यालाच ठाऊक. कधी भर दुपारी, कधी कोंबडा आरवायच्या आधी. आलं की हौद, ड्रम, हंडे, शेवटी पातेली सुद्धा भरून घ्यायची. चुकलं की पुढच्या पाळीपर्यंत टँकरच्या मागं बादली घेऊन पळायचं. तात्या आल्यापासून आमच्या गल्लीतलं कुणी पाण्यासाठी गजर लावत नव्हतं.

तात्या मूळचे वैजापूरकडचे. शेती होती, कांदा करायचे. बायको गेल्यावर शेत मुलगी-जावयाच्या हवाली करून ते आमच्या समोरच्या घरात मुलाकडे राहायला आले. मुलगा संजय शेंद्र्याच्या एका कारखान्यात. तात्यांना रात्री झोप अशी लागतच नसे. त्याचं कारण ते स्वतःच सांगत. गावाकडं मोटारीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीला दंडानं पाणी फिरवत चिखलात उभं राहायचं, वाफा भरला की दारं मोडून पाणी पुढच्या वाफ्यात सोडायचं. तसं करण्यात जन्म गेला. "पाण्यानं जन्मभर झोपू दिलं नाय, बाई," ते म्हणायचे, "आता वावर सुटलं, पर डोळ्याला कोन सांगनार?"

शहरात आल्यावर पहिले काही महिने त्यांचे फार वाईट गेले. तीन खोल्यांचं घर. संजय ड्यूटीवरून दमून आलेला, सून सुनीता दिवसभर कामानं पिचलेली, आणि हे आपले लख्ख जागे. पलंग करकरतो म्हणून कूस बदलायची नाही. उजेड पडतो म्हणून दिवा लावायचा नाही. संडासात पाणी टाकलं तर आवाज होतो म्हणून तेही थोपवून धरायचं. हे मला सुनीतानं सांगितलं. तात्या फक्त एवढंच म्हणाले होते, "लोकाच्या घरात चोर शिरल्यावानी पडून ऱ्हायचो." लोकाच्या म्हणजे स्वतःच्या मुलाच्या. जाग असणं ही त्यांना आपली काहीतरी वाईट खोड वाटायची.

मग त्यांना आमच्या गल्लीचं पाणी सापडलं. पाणी यायच्या आधी नळ हवा सोडतो, फुसफुसतो. तात्यांनी अंगणातल्या नळाची तोटी उघडी ठेवून खाली स्टीलची वाटी पालथी घालायला सुरुवात केली. पहिला थेंब तिच्यावर पडला की टण्णकन वाजे, आणि किल्ली घेऊन तात्या बाहेर. पलीकडच्या घरात दम्याचे आजोबा, तिथं बेल वाजवायची नाही, खिडकीच्या गजावर बोट मारायचं. देशमुखांकडं कुत्रं, तिथं लांबूनच खोकायचं. आणि गल्लीच्या वरच्या टोकाला राहणाऱ्या वहिनींकडे धार बारीक, म्हणून मोटर लावून पाणी ओढणाऱ्यांना दम द्यायचा, "आधी वरच्या वहिनीचे दोन हंडे भरू द्या, मंग वढा." एकदा मला म्हणाले, "आधी नुसताच जागा ऱ्हायचो. आता कामासाठी जागतो." त्या वाक्याच्या वेळी त्यांची मान ताठ झालेली मला आठवते.

रात्रीची थकबाकी दिवसा वसूल व्हायचीच. न्हाव्याच्या खुर्चीत, भाजीच्या गाड्याशी उभ्याउभ्या, बोलताबोलता सुद्धा त्यांचा डोळा लागायचा. पण कबूल करतील तर शपथ. दिवसा झोपणारा एक तर आजारी नाहीतर ऐतखाऊ, अशी त्यांची समजूत. आमच्याकडे सत्यनारायण होता तेव्हा ते भिंतीला टेकून चांगले घोरत होते. मी मुद्दाम विचारलं, "काय तात्या, कथा कुठवर आली?" ते दचकून म्हणाले, "परसादापर्यंत." सगळे हसले, तेही हसले. त्यानंतर ते कुठंही पेंगताना दिसले की मी तेच विचारायचे, "कथा कुठवर आली?" माझी जीभ अशीच आहे. चाळीस मुलांच्या वर्गात ती कामाला येते, आणि घरी आल्यावर तिला कुलूप घालायचं राहून जातं.

एकदा मात्र हसण्यावारी गेलं नाही. संजयच्या कारखान्यातले साहेब सपत्नीक घरी आले होते. तात्या स्वच्छ धोतर नेसून बसले, दोन वाक्यं बोलले, आणि हातातल्या चहाच्या कपासकट झोपले. चहा साहेबांच्या बायकोच्या साडीवर. त्या बिचाऱ्या "काही नाही, काही नाही" म्हणत राहिल्या. संजयनं खाली बसून फरशी पुसली, तेच तात्यांना जास्त लागलं. त्या दिवसापासून त्यांच्याकडे पाहुणे आले की तात्या आमच्या ओट्यावर येऊन बसत. "आत चला," म्हटलं तर "बरंय हितंच, वारं लागतं," म्हणत. वारं कुठलं लागतंय उन्हाळ्यात?

मग त्यांना झोपवायचं सगळ्या गल्लीनंच मनावर घेतलं. कुणी जायफळ उगाळून दूध पाठवलं, कुणी खसखशीची खीर. मी आमची काशाची वाटी दिली, तळपायाला तेल लावून घासायला. शेवटी सुनीतानं त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी दुपारनंतरचा चहा बंद केला, संध्याकाळी चालायला सांगितलं, रोज ठरल्या वेळी अंथरुणावर पडायला सांगितलं आणि थोड्या दिवसांसाठी एक हलकी गोळी दिली. सुनीता स्वतः त्यांच्या तळपायाला तेल चोळायची. तात्या पाय आखडून घ्यायचे. "सुनेच्या हातून पाय चोळून घेतो म्या. लाज वाटती, बाई," असं मला सांगताना ते खरंच माझ्याकडे बघत नव्हते.

आणि एक दिवस तात्यांना झोप लागली.

मे महिना होता. कोपऱ्यावरच्या जगतापांच्या मुलीची त्याच दिवशी हळद. मांडव पडला होता, पाहुण्यांनी घर भरलं होतं आणि सगळ्यांची भिस्त आजच्या पाण्यावर होती. मला जाग आली तीच उन्हानं. बाहेर आले तर वरच्या गल्लीतून भरून वाहिलेल्या हौदाचं पाणी रस्त्यावर ओघळून वाळायला लागलं होतं. पाणी येऊन गेलं होतं. आमच्या गल्लीत एकेक दार उघडत होतं आणि एकेक माणूस रिकामी बादली घेऊन तात्यांच्या गेटकडे बघत होता. कुणाच्याही मनात स्वतःला विचारायचं आलं नाही की आपण गजर का लावला नाही. "झालं, हो गया काम!" कुणीतरी म्हणालं.

तात्या बाहेर आले. केस विस्कटलेले, गालावर उशीचा वळ. डोळ्यांखालची ती कायमची काळी सूज उतरली होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा भरलेला दिसत होता. ते अजून अर्धवट हसत होते, कारण बाहेर काय झालंय ते त्यांना ठाऊकच नव्हतं. जगतापभाऊ मांडवातून तरातरा आले आणि म्हणाले, "तात्या, आजच झोपायचं होतं व्हय?"

ते हसू कसं गेलं ते मला सांगता येणार नाही. तात्यांनी नळाकडे पाहिलं. वाटी पाण्यानं ढकलली जाऊन लांब गटारापाशी पडली होती.

नंतर ते दारोदार गेले. देशमुखांकडे, दम्याच्या आजोबांकडे, वरच्या वहिनींकडे. प्रत्येक गेटपाशी पंचा हातात धरून उभं राहायचं आणि म्हणायचं, "चूक झाली. झोप लागली." आणि लोक "असू द्या, असू द्या" म्हणत होते, म्हणजे त्यांची माफी स्वीकारत होते. मला त्या दिवशी आमच्या गल्लीची लाज वाटली, आजही वाटते. त्यांना झोप यावी म्हणून आम्हीच जायफळं उगाळली होती. ती आली, तर सत्तरी उलटलेल्या माणसाला आम्ही ती गुन्ह्यासारखी कबूल करायला लावली.

आमच्या पायरीशी आले तेव्हा त्यांनी तेच वाक्य म्हटलं. मला खरोखर आनंद झाला होता, देवाशपथ. मी म्हणाले, "झोप लागली? वा, तात्या! फार छान झालं!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतके दिवस ज्या तोंडानं त्यांना "कथा कुठवर आली" विचारलं त्याच तोंडातून हे आलं होतं. "तुम्ही बी का, बाई?" ते म्हणाले आणि वळले. मी मागून हाका मारल्या. समजावून सांगायला गेले तेव्हा ते "व्हय, व्हय" म्हणत राहिले. पटलेल्या माणसाचं "व्हय" वेगळं असतं.

त्यानंतर तात्यांनी गोळी सोडली. तेल सोडलं. काशाची वाटी घासूनपुसून परत आणून दिली. पाण्याचा दिवस जवळ आला की चहा मागून घेत आणि नळापाशी खुर्ची टाकून बसत, पाठ न टेकता. सुनीता रडकुंडीला आली. "बाई, तुम्ही सांगा ना, तुमचं ऐकतील," ती म्हणाली. माझं ऐकायची वाट मीच घालवून बसले होते, हे तिला कुठं ठाऊक? मी सगळ्या गल्लीला सांगून पाहिलं की आपापले गजर लावा. सगळे हो म्हणाले. पण तात्यांची किल्ली वाजायची थांबेना आणि ती वाजते म्हटल्यावर गजर कोण लावतो? एका सकाळी ते खुर्चीतच पेंगून पुढं पडले. कपाळ नळाच्या तोटीवर आपटलं, टाके पडले. दवाखान्यातून परत आल्यावर संजय आमच्या गेटशी थांबला. "लोक म्हणतील, बापाला झोपू देत नाहीत," एवढंच म्हणाला. त्याच आठवड्यात त्यानं तात्यांना बहिणीकडे गावी सोडायचं ठरवलं.

निघताना तात्या कपाळाला पट्टी बांधून गाडीत बसले. मला खिडकीशी बोलावलं आणि ती स्टीलची वाटी माझ्या हातात दिली. एका बाजूला पोचे आले होते. "तुमच्या नळाखाली ठिवा. पहिला थेंबच वाजतो," म्हणाले. मी ठेवली. ती वाजत असेलही, मला कधी ऐकू आली नाही. आता गल्लीचा मोबाइलवर ग्रुप आहे. पाणी आलं की कुणीतरी एक शब्द टाकतं आणि आधी स्वतःचा हौद भरून घेतं. वरच्या वहिनींकडे तसला फोन नाही. मी आता फोन उशाशी ठेवते, कधी तो ऐकू येतो, कधी नाही. ऐकू आला की किल्ली घेऊन वहिनींच्या गेटवर जाते, आणि ओ येईपर्यंत थांबते.

पुढच्या वर्षी एका सहकारी बाईंच्या मुलाच्या लग्नाला वैजापूरला गेले होते. तिथून तात्यांच्या गावी गेले. दुपार होती. पत्र्याच्या सावलीत कांद्याचा ढीग आणि शेजारी बाजेवर तात्या झोपलेले. उताणे, तोंड किंचित उघडं, कपाळावर टाक्यांची खूण. मुलगी मंगल म्हणाली, "उठवू का? लई आठवन काढतेत तुमची." मी नको म्हटलं. या माणसानं मला इतक्यांदा उठवलं होतं, पण झोपलेला असा मी त्याला प्रथमच बघत होते. मी पोत्यावर बसून राहिले.

मंगल चहाला पाणी घ्यायला गेली आणि तिच्या हातून बादलीची कडी सुटून खणकन वाजली. तात्या ताडकन उठून बसले. "पानी आलं का?" डोळे धड उघडले नव्हते, पाय बाजेखाली चपला शोधत होते. मग त्यांना मी दिसले आणि माफी मागतानाचा त्या सकाळचा चेहरा परत आला. "बाई," ते म्हणाले, "जरा डोळा लागला हो."

आमच्या गल्लीत त्या पाळीला थेंबही आला नव्हता. मी घरून निघाले तेव्हा टँकरच्या वाटेवर बादल्यांची रांग लागली होती. आणि "कथा कुठवर आली" हे माझ्या जिभेवर सवयीनं आलंही होतं. मी ते गिळलं.

"आलं, तात्या," मी म्हणाले. "सगळ्यांनी भरलं. तुम्ही झोपा."

ते बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी थट्टा करते आहे का, ते तपासत होते. मी तोंड हलू दिलं नाही.

"समद्यांनी? वरच्या वहिनीनं बी?"

"त्यांचे दोन हंडे आधी भरले."

मग त्यांनी चपलेतून पाय काढला, बाजेवर घेतला आणि पंचा तोंडावर ओढून भिंतीकडे कूस केली. मंगल चहा घेऊन आली. मी तिला हातानंच थांबवलं आणि त्यांचा श्वास संथ होईपर्यंत तो कप तसाच धरून बसले.