करडईचं तेल आणि छातीवरचे स्टिकर

परभणीतल्या ज्या दवाखान्यात मी अतिदक्षता विभागात सिस्टर आहे, तिथं मॉनिटर दिवसभर बोंबलत असायचे. पेशंटनं कूस बदलली की वाजायचे, बोटाचा चिमटा निघाला की वाजायचे, काही झालं नाही तरी वाजायचे. नवीन होते तेव्हा मी प्रत्येक आवाजाला धावले. पुढं हात आपोआप आवाज बंद करायच्या बटनावर जायला लागला. डोकं त्यात नसायचंच.

दोन वर्षांपूर्वी माझे वडील, दादा, हृदयाच्या झटक्यानं त्याच विभागात दाखल झाले. आई पालमहून एसटीनं आली ती पिशवीत करडईच्या तेलाची बाटली घेऊनच. आजारी माणसाची छाती चोळली नाही तर आमच्याकडं त्याला कुणी वाली नाही असं समजतात. मी पाठ फिरवली की ती दादांची छाती चोळायची. तेलावर मॉनिटरच्या तारांचे स्टिकर कुठले टिकायला! ते सुटायचे, पडद्यावरची रेघ सरळ व्हायची आणि मॉनिटर ठणाणा करायचा.

"माय, तेल लावू नको म्हणलं ना! मशीन वरडायलंय," मी चिडायचे.

"वरडू दे. तुजी मशीन कालची हाय. माजा हात लय जुना हाय त्यांच्या अंगावर."

तिला ऐकू कमी येतं, त्यामुळं त्या ठणाण्याचा तिला काडीचा त्रास नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी भेटायच्या वेळेला दादांचा मॉनिटर पुन्हा वाजला. शेजारच्या दोन खाटांचेही वाजत होते. मी उशाशी उभी होते. वैतागून बटन दाबलं आणि नवा स्टिकर घ्यायला ट्रेकडं वळले. तेवढ्यात दादांनी मास्क बाजूला सारला आणि माझ्याकडं बघून काहीतरी म्हटलं. त्या गोंगाटात मला शब्द लागला नाही.

"थांबा दादा, आधी हे बसवू द्या," मी म्हणाले.

छाती पुसली, स्टिकर बसवला, वर बघितलं तर त्यांचे डोळे मिटलेले. संध्याकाळी त्यांना व्हेंटिलेटरवर घ्यावं लागलं आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. डॉक्टर म्हणाले, तो आवाज नुसता स्टिकरचाच होता, तुमच्याकडून काही राहिलं नाही.

त्यानंतर मी हट्टालाच पेटले. रोज सकाळी प्रत्येक पेशंटची छाती पुसून, कोरडी करून नवे स्टिकर लावायचे. ज्याची नाडी मुळातच हळू, त्याच्या मॉनिटरची वाजायची मर्यादा डॉक्टरांना विचारून त्याच्यापुरती बदलायची. तेलाची बाटली घेऊन येणाऱ्यांना मी पेशंटचे तळपाय दाखवते, चोळा म्हणते किती चोळायचं ते. बाकीच्या सिस्टर आधी हसल्या, मग त्याही करायला लागल्या. आता मॉनिटर वाजला की आम्ही खरंच धावतो.

एरवी इतकं शांत असतं, की पेशंट पुटपुटला तरी ऐकू येतं. मग दादांची फार आठवण येते. त्यांनी एकदा, फक्त एकदाच परत बोलावं असं वाटतं.

त्या दुपारी पायथ्याशी उभ्या आईनं त्यांचे ओठ हलताना बघितले होते. मी गावी गेले की ती विचारते, "तुला काय म्हणले ते? तू तर उशाशी होतीस."

परवा शेवटी सांगितलं, "मला ऐकूच आलं न्हाई गं माय."



"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, "बापलेकीचं असंल काई. मला कशाला सांगशील?"