सॉफ्टवेअरनं जोडलेलं कारण

विजयश्री लातूरकडची, लग्न होऊन कुरुळीत आलेली. नवरा गणराज चाकणच्या एका कारखान्यात पत्रे दाबून भाग काढणारं प्रेस मशीन चालवायचा. ती वाकडला एका छोट्या कंपनीत होती. तिथलं सॉफ्टवेअर कारखान्यांचे अपघात-अहवाल वाचायचं आणि शब्दांची नाती जुळवायचं: काय कशाचा भाग, कशामुळे काय घडतं. जुळलेलं नातं बरोबर की चूक, ते विजयश्रीनं बघायचं.

मार्चमध्ये गणराजच्या उजव्या हाताची बोटं प्रेसखाली गेली. माल लवकर निघावा म्हणून सुपरवायझरनं हात आत आला की मशीन थांबवणारा सेन्सर बंद ठेवायला लावला होता. अहवालात त्यानंच लिहिलं, ‘कामगाराचा निष्काळजीपणा.’

विजयश्री कामावर परतली तेव्हा स्क्रीनवर तेच नातं आलं होतं. अपघाताचं कारण: निष्काळजीपणा. तिनं ‘चूक’ दाबलं. पुढच्या फेरीत ते पुन्हा आलं; शेकडो अहवालांत तेच लिहिलेलं होतं. मग तिनं ‘सेन्सर बंद’ आणि ‘अपघात’ हातानं जोडले. पुराव्याला एकही वाक्य नाही म्हणून सॉफ्टवेअरनं ते पुसून टाकलं.

“मॅडम, हे अहवाल सुपरवायझरच लिहितात ना,” ती टीम लीडर सायलीला म्हणाली.

“कळतंय गं मला. पण मजकुरातच नाही ते कुठून आणायचं? तसं कुणी लिहून दिलं तर आण, मी घेते.”

रविवारी ती गणराजच्या सोबत्यांच्या खोल्यांवर हिंडली. सगळ्यांनी बसायला दिलं, चहा दिला. लिहून कुणी दिलं नाही.

“वहिनी, आम्ही कंत्राटी. नाव दिसलं की गेट बंद.”

घरी येऊन ती गणराजला म्हणाली, “तुम्ही तरी सांगा. मी लिहिते, फक्त सही करा.”

“हलकं काम देतो म्हणालेत. ते बी घालवू का?”

ती भांडली, रडली. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

काम संपवायची तारीख आली, तेव्हा सायलीनं स्वतःच्या लॉगिनवरून निष्काळजीपणाचं नातं मंजूर केलं. विजयश्रीनं राजीनामा टाइप केला, पण पाठवला नाही. घर आता तिच्याच पगारावर होतं.

जूनमध्ये कारखान्यानं गणराजला कायमचं घरी बसवलं. त्या संध्याकाळी तो म्हणाला, “लिही आता.” तो सांगत गेला, तिनं लिहिलं. डाव्या हातानं त्यानं कशीबशी सही केली.

सायलीनं शब्द पाळला, मजकूर घेतला. सॉफ्टवेअरनं तो वाचून उत्तर दिलं: एकच उल्लेख, नातं जोडता येत नाही.

“घेतलं का?” ती दारात येताच गणराजनं विचारलं.

“वाचलं,” ती म्हणाली आणि कणीक मळायला बसली.