तौकीरने लावलेला निकाल

कसालच्या बाजारात तौकीरचं नळ-पाइपांचं दुकान आहे. गिऱ्हाइकाशी तो मोजकं बोलतो, आणि बोललाच तर टोचून. शटर ओढलं की टेम्पोत काचा वर करून बसायचं आणि एक अख्खा अल्बम ऐकायचा, मधलं एकही गाणं न गाळता, ही त्याची जुनी सवय. बायको नाझमीन म्हणते, नवरा गाणी ऐकत नाही, पंचनामा करतो.

डिसेंबर संपता संपता वर्षभरात काय ऐकलं त्याचा निकाल तो नातेवाइकांच्या ग्रुपवर बोलून पाठवायचा. तो कोणी मागितलेला नसे. एका वर्षी त्यात चुलतभाऊ रमीझचा पहिला अल्बम आला. मुंबईत खपून त्याने तो केला होता, आणि घरच्यांनी पेढे वाटले होते. तौकीर म्हणाला, "पहिल्याच गाण्यात दम संपलो. बाकीची गाणी तेचीच पोरां."

रमीझ तेव्हा गावीच होता. दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला आणि गिऱ्हाइकांदेखत विचारलं, "तू जल्मात एक ओळ तरी गायलंस?"

"नाय. म्हणानच माका बरा ऐकूंक येता."

रमीझने नळांच्या खोक्याला लाथ घातली आणि निघून गेला. त्यानंतर रमीझच्या आईने, म्हणजे काकीने, दुकानावरून जायचंच सोडलं. ईदला त्या घरातलं कोणी आलं नाही. नाझमीनने केलेला शिरखुर्मा उरला. तौकीर म्हणाला, घरात शांतता तरी आहे.

भातकापणीच्या सुमारास रमीझचा दुसरा अल्बम आला. त्यातलं एक गाणं पाइप विकणाऱ्या एका माणसावर होतं. जगातल्या गाण्यांना तो नावं ठेवतो, आणि त्याच्या टेम्पोतली बाजूची सीट कधी झिजत नाही. नाव नव्हतं, पण गरजही नव्हती. नाक्यावरचे रिक्षावाले ते मुद्दाम दुकानासमोर मोठ्याने लावू लागले.

तौकीरने अल्बम पुरता ऐकला. मग ते एकच गाणं पुन्हा पुन्हा ऐकलं. आपल्याला आता नीट जेवण जात नाही, हे त्याने नाझमीनलाही सांगितलं नाही.

डिसेंबरात सगळे त्याच्या निकालाकडे डोळे लावून बसले. तो बोलला, "रमीझान माका नागडो केलो. ह्या वर्षात ह्याच्यापेक्षा बरा गाणा माका गावला नाय. बाकीचो अल्बम भिकार आसा."

वर्षभरात पहिल्यांदा रमीझचा फोन आला. "माझी कीव करतंस?"

"कीव माणसांची करतत. मी गाण्याबद्दल बोललंय."

रमीझने फोन तोडला. नाझमीन चिडली. गाणं चांगलं एवढंच म्हणून गप्प राहिला असता तर घरं पुन्हा जुळली असती, बाकीचं बोलायची काय गरज होती, असं तिने विचारलं. तौकीर म्हणाला, बाकीचंही ऐकलं होतं म्हणून.

पुढे त्या घरी लग्न निघालं, तेव्हा काकीने आमंत्रण एकट्या नाझमीनला दिलं. ती गेली. मांडवात रमीझचं ते गाणं लागलं, आणि सगळ्यांबरोबर तिनेही ते तोंडपाठ म्हटलं.